अंगीं लागणें

‘खाल्लेलें अंगीं लागत नाहीं’ ही तक्रार मराठी घरांत पाळण्याइतकी जुनी आहे. आजी नातवाविषयीं ती करते, माहेरीं आलेल्या मुलीविषयीं आई करते, आणि गोठ्यांतील गाईविषयीं शेतकरीही तेच शब्द वापरतो. खाणें ही एक गोष्ट आणि तें अंगीं लागणें ही दुसरी, हा भेद आमच्या भाषेनें आम्हांस इतक्या लहानपणीं शिकवून ठेविला आहे कीं, तो किती खोल आहे याचा विचार करण्याचें कारणच पडत नाहीं. शरीरशास्त्राच्या दृष्टीनें मात्र तो अक्षरशः खरा आहे. पोटांत गेलेलें अन्न अद्याप शरीरांत गेलेलें नसतें. अन्नमार्ग म्हणजे दोन्ही टोकांस उघडी असलेली एक लांब नळी. बोरघाटाच्या बोगद्यांतून जाणारी आगगाडी जशी डोंगराच्या आंत असूनही डोंगराचा भाग होत नाहीं, तसें त्या नळींतील अन्न आपल्या आंत असूनही आपलें झालेलें नसतें. आपलें होण्यासाठीं त्यास भिंत ओलांडावी लागते. त्या भिंतीविषयीं, आणि विशेषतः तिच्या दरजांविषयीं, चार शब्द लिहावे असें मनांत आहे.

निमित्त एका डब्याचें आहे. आमच्या शेजारीं एक निवृत्त गृहस्थ राहतात. सर्व आळी त्यांस अण्णा म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतों. त्यांच्या चिरंजीवांनीं पुण्याहून एका चूर्णाचा डबा पाठविला. डब्यावर ‘लीकी गट’ असे शब्द होते, आणि आंतील चूर्ण रोज दोन चमचे घेतल्यास ‘गळकें आंतडें’ तीन महिन्यांत बुजतें असें आश्वासन होतें. आम्ही महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकवितों. आणि ज्यास झाडपाला कळतो त्यास सर्व औषधें कळतात हा समज आपल्या समाजांत दृढ असल्यामुळें अण्णा तो डबा घेऊन आमच्याकडे आले. “प्रोफेसरसाहेब, आंतडें गळतें म्हणजे काय हो? आणि माझें गळतें हें पुण्यांत बसून त्याला कसें कळलें?” दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. पहिल्याचें देण्यास जो वेळ लागला तेवढ्यांत तीनदां चहा झाला.

आंतड्याच्या आंतील अस्तराची जाडी एका पेशीची असते. एका बाजूस अन्नाचा चिखल आणि असंख्य जंतूंची वसाहत, दुसऱ्या बाजूस रक्त. मध्यें हा एवढा पडदा. त्याचें क्षेत्रफळ किती याविषयीं आमच्या विद्यार्थिदशेंतील पुस्तकें टेनिसच्या मैदानाचा दाखला देत. २०१४ सालीं स्वीडनमधील दोन संशोधकांनीं पुन्हा हिशेब केला तेव्हां सबंध अन्नमार्गाचें अस्तर सुमारें ३२ चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या अर्ध्या मैदानाएवढें भरलें. टेनिसचें मैदान गेलें याचें आम्हांस थोडें वाईट वाटलें. परंतु दोन-तीन खोल्यांची जमीन व्यापील एवढें अस्तर पोटांत घडी घालून ठेविलेलें आहे ही गोष्टही लहान नव्हे. शिवाय आंतड्याच्या अस्तरांतील पेशी तीन ते पांच दिवसांत झडून जातात व त्यांची जागा नव्या घेतात. जिच्या सर्व विटा दर चार दिवसांनीं बदलावयाच्या, आणि बदलतांना एकाही दरजेंतून ओल येऊं द्यावयाची नाहीं, अशी भिंत बांधण्याचा मक्ता आमच्या राहुरींतील कोणताही गवंडी घेणार नाहीं.

दोन पेशींमधील ही दरज कशानें भरली आहे? एकोणिसाव्या शतकांतील शास्त्रज्ञांस सूक्ष्मदर्शकांतून पेशींच्या वरच्या टोकांशीं एक काळी रेघ दिसे, आणि ती चुन्यासारख्या कांहीं पदार्थाची असावी असें त्यांनीं मानलें. १९६३ सालीं मेरिलिन फार्क्वार व जॉर्ज पॅलाडे यांनीं तीच जागा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली, तेव्हां तेथें चुना नव्हता. शेजारच्या दोन पेशींचीं आवरणें एकमेकांस इतकीं भिडलेलीं होतीं कीं मध्यें जागाच उरली नव्हती. लहान मुलाच्या कमरेस करदोटा असावा तसा हा पट्टा प्रत्येक पेशीस वेढून असतो. इंग्रजींत त्यास ‘टाइट जंक्शन’ म्हणतात. आम्ही दृढसंधि म्हणूं. पुढें जपानांत शोइचिरो त्सुकिता, मिकिओ फुरुसे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कोंबडीच्या यकृतापासून, हे संधि ज्यांचे विणलेले असतात तीं प्रथिनें वेगळीं काढलीं: १९९३ सालीं ऑक्लुडिन, आणि १९९८ सालीं क्लॉडिन. मिटणें या अर्थाच्या लॅटिन धातूवरून हें दुसरें नांव आलें. गंमत अशी कीं, नांव मिटण्याचें असलें तरी क्लॉडिनांच्या वीसांहून अधिक जातींपैकीं कांहींचें काम वाट देण्याचेंच आहे. दुसऱ्या क्रमांकाचें क्लॉडिन सोडियमच्या कणांस व पाण्यास दरजेंतून जाऊं देतें. इतर कित्येक तीच वाट अडवितात. तेव्हां ही बुजवून टाकलेली फट नव्हे. हें दार आहे, आणि दिवसांतून कितीदां तरी तें कमी-अधिक उघडलें जातें.

राहुरीस राहणाऱ्यास दार ही कल्पना समजावून सांगावी लागत नाहीं. मुळा धरणाचें २६ टी.एम.सी. पाणी, त्याचे उजवा व डावा असे दोन कालवे, त्यांच्या चाऱ्या, चाऱ्यांवरचीं दारें, आणि त्या दारांवर सत्ता गाजविणारा पाटकरी, यांच्या जिवावर येथील ऊस उभा आहे. पाटकरी दार उघडील तेव्हां रान भिजतें. तो विसरला तर वाळतें. परंतु पाणी दारांतूनच आलें पाहिजे. तेंच पाणी पाटाच्या कुशींतून पाझरूं लागलें कीं कडेचें रान पाणथळ होतें, खालचे क्षार वर येतात, आणि कांहीं वर्षांत ऊस तर सोडाच, गवतही विरळ उगवेल अशी चोपण जमीन तेथें तयार होते. प्रवरा आणि मुळा यांच्या पाटाखालीं ज्या शेतकऱ्याचें रान असें गेलें त्यास आंतड्याचें शास्त्र पांच मिनिटांत कळेल असें आम्हांस वाटतें.

उसानेंही आपल्यापुरता हा प्रश्न सोडविलेला आहे. मुळाच्या गाभ्याभोंवतीं पेशींचें एक कडें असतें. त्या पेशींच्या मधल्या दरजांतून पाणी सरळ आंत जाऊं नये म्हणून त्यांच्या भिंतींत एक पट्टी बसविलेली असते. रॉबर्ट कास्पारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें १८६५ सालीं तिचें वर्णन केलें, म्हणून ती कास्पारीची पट्टी. लाकडास कणखरपणा देणारें जें लिग्निन, त्याचीच ती घडलेली असते. या पट्टीमुळें जमिनींतील पाण्यास व क्षारांस पेशीच्या आंतून, म्हणजे परवाना दाखवूनच, गाभ्यांत जावें लागतें. वनस्पति आणि प्राणी अगदीं निराळ्या वाटांनीं आले, त्यांची सामग्री निराळी, तरी दोघांनींही पेशींस करदोटाच बांधला. तीस वर्षें ही आकृति फळ्यावर काढीत असूनही ती काढतांना आमचा हात दर वेळीं किंचित् थबकतो.

आतां एक अपवाद सांगितलाच पाहिजे, कारण तो येथील प्रत्येक गोठ्यांत घडतो. वाचकांपैकीं बहुतेकांस खरवस आवडत असेल. तो ज्या चिकाचा होतो तो चीक वासराच्या दृष्टीनें अन्नाहून मोठी गोष्ट आहे. गाईच्या वारेची रचना अशी असते कीं तिच्या रक्तांतील रोगप्रतिकारक प्रथिनें गर्भाच्या रक्तांत उतरत नाहींत; वासरूं या बाबतींत रिक्तहस्त जन्मास येतें. जन्मानंतर कांहीं तास मात्र त्याचें आंतडें चिकांतील तीं मोठमोठालीं प्रथिनें न पचवितां जशींच्या तशीं रक्तांत घेतें, आणि सुमारें चोवीस तासांत हा मार्ग बंद होतो. (हा मार्ग दरजांतून नसून पेशींच्या आंतून असतो, हें विद्यार्थी उत्तरपत्रिकेंत हमखास चुकवितात.) १९६८ सालीं स्थापन झालेल्या येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठानें गीर, जर्सी व होल्स्टीन यांच्या संकरांतून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय तयार केली. तिच्या वासराचें नशीबही याच पहिल्या दिवसावर अवलंबून असतें. म्हणून पहिल्या धारेचा चीक आधीं वासरास, खरवस मागाहून. हें शास्त्र सांगितल्यापासून आमच्या घरची मंडळी शेजारून आलेला चीक ‘वासरूं प्यालें का?’ असें विचारूनच घेतात.

असो. अण्णांच्या आंतड्याकडे वळूं. दृढसंधि सैल होतात ही गोष्ट खरी आहे. ती चूर्णवाल्यांनीं रचलेली नाहीं. पटकीचा जंतु दरजा सैल करणारें एक विष तयार करतो असें १९९१ सालीं अमेरिकेंत अलेस्सिओ फसानो व त्यांचे सहकारी यांना आढळलें. २००० सालीं त्यांनींच मनुष्याच्या शरीरांतही तसेंच काम करणारें एक प्रथिन असल्याचें प्रसिद्ध केलें व त्यास झोन्युलिन हें नांव दिलें. गव्हांतील ग्लूटेन ज्यांस सोसत नाहीं त्या सीलिॲक रोग्यांच्या आंतड्यांत दरजा सैल असतात. तेव्हां त्या घट्ट करणारें औषध दिलें तर रोग हटेल, हा तर्क सरळ होता. तसें औषध तयारही झालें. परंतु मोठ्या प्रमाणावरील त्याची अखेरची चांचणी २०२२ सालीं मध्येंच थांबविण्यांत आली, कारण फायदा दिसण्याचें चिन्ह नव्हतें. त्याआधीं २०१८ सालीं असेंही उघडकीस आलें होतें कीं, झोन्युलिन मोजण्यासाठीं बाजारांत मिळणारी एक बहुप्रचलित चांचणी झोन्युलिन मोजतच नव्हती. तिच्यांत भलतेंच प्रथिन सांपडत होतें. दरजा सैल झाल्यामुळें रोग होतो कीं रोगामुळें दरजा सैल होतात, हा वाद पुष्कळ विकारांच्या बाबतींत अद्याप मिटलेला नाहीं. आणि डबे विकणाऱ्यांस तो मिटण्याची वाट पाहण्याइतका धीर नाहीं.

“अण्णा, गुडघ्यासाठीं तुम्ही गोळी घेतां ना?” आम्हीं विचारलें. घेत होते, आयब्युप्रोफेनच्या जातीची, रोज, आणि बहुधा उपाशीं पोटीं. या जातीच्या गोळ्या आंतड्याच्या दरजा सैल करतात हें मात्र चांगलें दाखविलें गेलेलें आहे, तेव्हां एकदां डॉक्टरांना विचारा, एवढें आम्हीं सुचविलें. अण्णा क्षणभर गप्प राहिले. मग डबा पिशवींत घालीत म्हणाले, “म्हणजे सकाळीं भोंक पाडायचें आणि रात्रीं बुजवायचें. बरा धंदा आहे!”

अण्णांचें एक हसण्यावारी नेतां आलें. ज्यांचीं आंतडीं खरोखर गळतात त्यांच्यापर्यंत असले डबे पोंचत नाहींत. ऊसतोडणीच्या हंगामांत राहुरीच्या आसपास पाटाच्या कडेनें कोप्या पडतात. बीडकडून, पाथर्डीकडून टोळ्या येतात. दिवाळीच्या सुमारापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत त्यांचा संसार पाचटाच्या छपराखालीं असतो. बैल, शेळ्या, कोंबड्या आणि रांगतीं मुलें एकाच अंगणांत. पिण्याचें पाणी पाटाचें किंवा मिळेल त्या विहिरीचें. शौचास पलीकडचें रान. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांबरोबर एका हंगामांत आम्ही तेथें मुलांची उंची व वजन मोजण्यास गेलों होतों. एक बाई आपल्या मुलास पट्टीपाशीं उभें करून म्हणाली, “सर, पोरगं खातंय हो पोटभर. भाकर खातंय, दूध पितंय. पण अंगी लागत नाही बघा.” मूल तीन वर्षांचें, उंची दोन वर्षांच्या मुलाची भरली. हगवण लागते का, असें आमच्या एका विद्यार्थिनीनें विचारलें. “नाही ताई, तसलं काई नाही.”

उपास नाहीं, हगवण नाहीं, तरी वाढ नाहीं. जगांतील गरीब वस्त्यांत असंख्य मुलांच्या बाबतींत हें कोडें दिसतें, आणि त्याचें एक उत्तर आंतड्याच्या भिंतींत आहे असें अनेक शास्त्रज्ञ मानतात. अंगणांतील मैला व शेण यांतील जंतु हातांवाटे, मातीवाटे, पाण्यावाटे रोज थोडे थोडे पोटांत जातात. एकदम आजार येत नाहीं. पण अन्न शोषून घेणारीं अस्तरावरचीं बोटांसारखीं टोकें बोथट होतात, दरजा सैल होतात, जंतूंचे तुकडे रक्तांत झिरपतात, आणि जें बळ हाडें वाढविण्यांत जावयाचें तें या घुसखोरांशीं झगडण्यांत जातें. १९६० च्या दशकांत तेव्हांच्या पूर्व पाकिस्तानांत आलेल्या धडधाकट अमेरिकन स्वयंसेवकांच्या आंतड्यांतही असाच पालट झालेला आढळला होता, आणि मायदेशीं परतल्यावर तें अस्तर पूर्ववत् झालें. दोष रक्ताचा किंवा वंशाचा नव्हे, जागेचा होता.

ही गळती मोजण्याची युक्ति मोठी सुबक आहे. मुलास दोन साखरांचें पाणी पाजावयाचें. मॅनिटॉल ही लहान साखर निरोगी अस्तरांतून सहज आंत जाते; लॅक्ट्युलोज ही मोठी असल्यामुळें दरजा सैल असल्याशिवाय फारशी जात नाहीं. दोहोंचेंही शरीरांत कांहीं होत नाहीं, त्या लघवींतून बाहेर पडतात. तेव्हां पुढील कांहीं तासांची लघवी गोळा करून दोहोंचें प्रमाण पाहिलें कीं भिंतीची स्थिति कळते. १९९१ सालीं आफ्रिकेंतील गांबियांत तान्ह्या मुलांवर ही परीक्षा केली असतां त्यांच्या खुंटलेल्या वाढीपैकीं शेंकडा ४३ पर्यंत भाग या बिघाडाशीं जुळता निघाला. हा आंकडा वाचल्यापासून कोपींतील त्या बाईचें वाक्य आम्हांस निराळेंच ऐकूं येऊं लागलें आहे.

आणि या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा प्रयोग आमच्याच जिल्ह्यांत झालेला आहे. २००४ सालीं महाराष्ट्र शासनानें जागतिक बँकेच्या साहाय्यानें त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत ६० गांवें घेतलीं. चिठ्ठ्या टाकाव्या त्या न्यायानें त्यांतील निम्मीं निवडून तेथें शौचालयें बांधण्याविषयीं व वापरण्याविषयीं जोराचा प्रचार केला. उरलेलीं तुलनेसाठीं तशींच राहूं दिलीं. नांदेड व नंदुरबार येथेंही तें व्हावयाचें होतें, पण प्रत्यक्षांत झालें तें येथेंच. जेफ्री हॅमर व डीन स्पीअर्स यांनीं त्याचा हिशेब २०१६ सालीं प्रसिद्ध केला. शौचालयांची भर पडली ती बेताचीच, शंभर घरांमागें सरासरी आठ. परंतु मुलांची उंची संख्याशास्त्राच्या भाषेंत सुमारें ०.३ प्रमाणविचलनानें अधिक भरली. चार वर्षांच्या मुलाच्या मापानें हें सव्वा सेंटीमीटरच्या आसपास होतें. सव्वा सेंटीमीटर म्हणजे कांहींच नाहीं असें ज्यास वाटेल त्यानें साधें गणित करून पाहावें. ही सरासरी गांवांतील सर्व मुलांची आहे. ती केवळ त्या आठ घरांतील मुलांच्या जोरावर चढली म्हणावें, तर त्यांतील प्रत्येक मूल पंधरा-सोळा सेंटीमीटरनीं वाढावयास हवें होतें! म्हणजे एकानें बांधलेल्या शौचालयानें दुसऱ्याचें मूल वाढलें असलें पाहिजे.

जिल्ह्याच्या अभिमानानें पुढचे आंकडे झांकून ठेवणें बरें नव्हे. २०१४ सालीं मध्यप्रदेशांतील ८० व ओरिसांतील १०० गांवांच्या अशाच प्रयोगांचे निकाल आले. तेथें मुलांच्या प्रकृतींत फरक आढळला नाहीं. बांगलादेश, केनिया व झिंबाब्वे येथील मोठे प्रयोग २०१८ व २०१९ सालीं प्रसिद्ध झाले. शौचालयें, साबण व शुद्ध पाणी देऊनही तेथें उंची वाढली नाहीं. नगरच्या प्रयोगाच्या कर्त्यांनींही आपला निष्कर्ष जसाच्या तसा दुसरीकडे लावतां येईल काय, याची चर्चा स्वतःच केलेली आहे. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग २०१८ सालीं हागणदारीमुक्त म्हणून जाहीर झाला. त्यानंतर २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत राज्यांतील पांच वर्षांखालील मुलांपैकीं शेंकडा सुमारें ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं निघालीं. आमचें मत विचाराल तर, अर्ध्या गांवानें वापरलेलें शौचालय हें अर्ध्या दरजा भरलेल्या हौदासारखें आहे. आणि अंगणांत कोंबड्या व शेळ्या वावरत असतां, प्यावयास पाटाचें पाणी असतां, एकट्या शौचालयाकडून फार अपेक्षा करणें हा शौचालयावर अन्याय आहे. झिंबाब्वेचे निकाल वाचून ‘स्वच्छतेचा कांहीं उपयोग नाहीं’ असें म्हणणारा एक विद्वान् आम्हांस भेटला. त्याच्या घरीं तीन स्नानगृहें आहेत.

त्या दिवशीं कोपींतील बाईनें शेवटीं विचारलें, “मग काही टॉनिक लिहून देता का?” आमच्याबरोबर डॉक्टर नव्हता. विद्यार्थिनीनें मुलाचें नांव, वय व उंची वहींत लिहून घेतली, आणि जवळच्या आरोग्यकेंद्राचा वार त्या बाईस सांगितला. तो वार तिच्या तोडणीचा होता. मार्चांत पुन्हा मोजमाप करावें म्हणून आम्ही तीच वही घेऊन गेलों, तों तेथील फड संपून टोळी हललेली होती. कोप्यांच्या जागीं पाचटाची राख होती, कांहीं लेंड्या होत्या, आणि पाटाला पाणी सुटलेलें होतें.